ट्रॅकवर इंजिनचं ऑइल प्रेशर पडतंय? या चुका टाळा

साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात रोज गाडी पिळणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचं म्हणणं ठरलेलं असतं: "एवढी पळवतो, इंजिनला आजवर काही झालं नाही." त्यात खोटं काही नाही. साध्या टायरवर, बेताच्या वेगात वळणावर फार तर अर्धा जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं) बल लागतं. तेवढ्याने चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या, ऑइलची पातळी साधारण २७ अंशांनी कलते, आणि आरपीएमही फार चढलेले नसतात. (घाटात रेस लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. त्यामुळे या लेखातली कुठलीही चाचणी खंबाटकीत किंवा पसरणीत करून बघू नका.)

तीच गाडी चिकट टायर चढवून कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नेली की हिशोब बदलतो. १ जी बलाला ऑइलची पातळी थेट ४५ अंशांनी तिरपी होते. स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनात ऑइल मुळात तीन लिटरच्या आसपास. चढ्या आरपीएमला त्यातलं बरंचसं हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आणि क्रँक या मुख्य फिरत्या दांड्याभोवती फिरत असतं, खाली उतरायला त्याला वेळ मिळत नाही. उरलेलं वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढून बसतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथे आडात आहे, पण पोहरा कोरड्या बाजूला पडलाय. पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो त्या स्ट्रेनरचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो.

६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. क्रँक आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, आणि तिथे दाबाने येणारा ऑइलचा थर हाच काय तो आधार. सेकंदभर नुसती हवा आली तरी बिगेंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) खरवडायला तेवढं पुरतं.

जाड ऑइल म्हणजे इलाज नव्हे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. प्रेशर पडतंय म्हटलं की जास्त ग्रेडचं, महागडं ऑइल ओतायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तापल्यावर ऑइल फार पातळ होत असेल तर ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४० घालण्यात अर्थ आहे, आणि ते पातळ होतंच, कारण पाण्याचा काटा ९० वर शांत असताना ऑइल १३० अंशांपर्यंत गेलेलं असू शकतं. पण स्ट्रेनरपाशी ऑइलच नसेल तर कुठलीही ग्रेड हवेची जागा भरून काढत नाही. मोठ्या पंपाचंही तेच. तो चेंबर आणखी लवकर रिकामा करतो.

दोन्ही दुखणी वेगळी ओळखता येतात. सरळ रस्त्यावरही प्रेशर लॅपगणिक हळूहळू उतरत असेल तर तापमान बघा, कूलरचा विचार करा. प्रेशर ठरावीक वळणातच पडतं आणि बाहेर निघताच परत येतं, तर ऑइल सरकतंय. मोबाइल किंवा छोटा कॅमेरा ऑइल प्रेशरच्या गेजकडे तोंड करून लावा आणि लॅप झाल्यावर चित्रण बघा. डोक्यात हेल्मेट, हातात स्टिअरिंग असताना तुम्हाला काटा दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. उजव्या वळणात ऑइल डावीकडे जातं, ब्रेकला पुढे. काटा कुठल्या वळणात पडला यावरून स्ट्रेनर कुठल्या बाजूला उघडा पडतोय ते कळतं. छोट्या तीव्र वळणापेक्षा लांबलचक वळण जास्त वाईट. बुद्ध सर्किटचं १०-११ नंबरचं उजवं वळण याचं उत्तम उदाहरण, कारण तिथे बल लागलेलं सुटतच नाही.

लाल दिव्याचा भरवसा

कंपनीने दिलेला ऑइलचा दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. ६००० आरपीएमला इंजिनला चार बारच्या आसपास लागतं. म्हणजे दिवा लागेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, वरातीमागून घोडं. वेगळा प्रेशर स्विच घेऊन दोन बारला पेटणारा, डोळ्यात भरेल असा मोठा दिवा डॅशवर लावा. गरम इंजिन आयडलला असताना तो लागेल, त्याची सवय होते. सेन्सर मात्र पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून थेट ब्लॉकवर लटकवू नका. थरथरीने टी तुटते आणि सगळं ऑइल ट्रॅकवर जातं. मधे होज टाका.

चेंबर खालून बघितला का?

आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि ऊसवाहतुकीने उखडलेले रस्ते बघता हा मुद्दा सांगली-साताऱ्याच्या गाड्यांना जास्त लागू. चेंबर खालून चेपलेला असतो, ऑइल गळत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण तो पोचा वर जाऊन स्ट्रेनरचं तोंड निम्मं झाकतो. गाडी गावात चालते, ट्रॅकवर मरते.

चेंबर उतरवलाच तर एक तपासणी कराच. स्ट्रेनरच्या तोंडावर मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवा, गास्केटसकट चेंबर बसवून बोल्ट हलके आवळा, परत काढा आणि दाबल्या गेलेल्या क्लेची जाडी मोजा. बऱ्याच इंजिनांत ६ ते १० मिलिमीटर ठीक असतं. कमी असेल तर ओढ घुसमटते, जास्त असेल तर तोंड लवकर उघडं पडतं. क्ले नीट खरवडून काढा. चेंबर परत लावताना सीलंट भसाभसा लावण्याची हौसही आवरा. आत सुटलेली त्याची सुतळी फिरत फिरत स्ट्रेनरच्या जाळीवरच येऊन बसते.

बॅफल बसवणं हा यातला खरा इलाज. स्ट्रेनरभोवती पत्र्याची पेटी करायची आणि तिला आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या झडपा लावायच्या. ऑइल आत येतं, बाहेर जायला बघितलं की झडप मिटते. पत्र्याचा चेंबर असेल तर कुपवाड एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटर हे काम करून देतो. अॅल्युमिनियमचा असेल तर टिग वेल्डिंगवाला गाठा. वेल्डिंगनंतर आतला मळ आणि गोळ्या काढल्याशिवाय चेंबर लावायचा नाही, आणि झडपा बोटाने हलवून मोकळ्या आहेत ना ते बघायचं. पेटीच्या तळाशी चारही बाजूंनी पुरेशी भोकं नसतील तर बॅफल ऑइल अडवायच्या ऐवजी आत येऊ देणार नाही.

ऑइल अॅक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखाली दोन-तीन लिटर ऑइल साठवून प्रेशर पडताच ते इंजिनात सोडणारा सिलिंडर, हा त्यापुढचा टप्पा. पंपाच्या बाजूला एकमार्गी व्हॉल्व्ह नसेल तर ते ऑइल उलटं पंपातूनच चेंबरमध्ये उतरेल. ड्राय संप, म्हणजे ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं, सगळ्यात पक्का, पण रोजच्या गाडीला खर्च झेपत नाही. यातलं काहीही करण्याआधी तुमच्या रेसिंग क्लासचे नियम वाचा, नाहीतर स्क्रुटिनीलाच (रेसआधीच्या तपासणीत) गाडी बाहेर.

पातळी

साताऱ्याहून कोइम्बतूरपर्यंत गाडी चालवत न्यायची आणि तशीच ट्रॅकवर घालायची, हा प्रकार सर्रास चालतो. पोहोचल्यावर सपाट जागी इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. खूण 'फुल'लाच हवी, मधे कुठेतरी चालणार नाही. बरेच जण त्याहून पाव ते अर्धा लिटर वर भरतात. काही इंजिनांना ते मानवतं, पण फार भरलं की क्रँक ऑइलात आपटून फेस करतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपात ऑइल यायला लागलं तर ती मर्यादा ओलांडली समजा. प्रत्येक सेशननंतर परत मोजा.

आवाज आल्यावर

वळणातून बाहेर पडताना टॅपेट (वरचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) क्षणभर वाजून गप्प झाले, तर तो पहिला इशारा. खालून भरीव ठोका यायला लागला, तर बेअरिंग गेलंच. 'एवढी लॅप पुरी करतो' म्हणणाऱ्याचा कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. क्लच दाबा, इंजिन लगेच बंद करा, गाडी बाजूला घ्या. आयडलला ठेवून आवाज ऐकत बसू नका.

शंका असेल तर ऑइल फिल्टर कापून बघा. हॅकसॉ वापरू नका, त्याचाच किस आत पडून गोंधळ होतो. फिल्टर कटर घ्या. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. बेअरिंगची चकाकी लोहचुंबकाला चिकटत नाही, कारण थर अॅल्युमिनियमचे किंवा तांब्याचे असतात. त्यामुळे ड्रेन बोल्टचं चुंबक स्वच्छ आहे यावर समाधान मानू नका. चकाकी दिसली तर इंजिन उघडा, क्रँक लेथवर मोजून घ्या, आणि ऑइल कूलर असेल तर तो नवा घ्या. त्याच्या नळ्यांत अडकलेला किस कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि नव्या बेअरिंगवर पहिल्या दिवशी तोच येऊन बसतो.