प्रॉक्सीतून जाताना जीझिप प्रतिसाद का बिघडतो

प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि मागचा सर्व्हर यांच्यामध्ये बसून प्रतिसाद पुढे पाठवणारा प्रोग्राम. तो पायथनमध्ये लिहिला असेल, तर रिक्वेस्ट्स लायब्ररी जीझिप (दाबून लहान केलेला) प्रतिसाद आपोआप उलगडून देते, पण मूळ हेडर (मजकुरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) तसेच ठेवते. ते जसेच्या तसे पुढे पाठवले की मजकूर साधा आणि हेडर म्हणतो जीझिप. ब्राउझर डीकोडिंग फेल्ड म्हणून हात वर करतो.

म्हणून पुढे पाठवताना कंटेंट-एन्कोडिंग (मजकूर कसा दाबलाय), कंटेंट-लेंग्थ (त्याची लांबी) आणि ट्रान्सफर-एन्कोडिंग (तो कसा पाठवला जातोय) हे तिन्ही हेडर काढा. लेंग्थ हमखास विसरली जाते. ती दाबलेल्या मजकुराची असते, त्यामुळे पान अर्ध्यावर तुटतं.

ब्राउझरचा ॲक्सेप्ट-एन्कोडिंग हेडरही (दाबण्याचे कोणते प्रकार चालतील ते सांगणारा) मागच्या सर्व्हरला आंधळेपणाने देऊ नका. त्यात ब्रॉटली (दाबण्याचा आणखी एक प्रकार) असतं आणि ब्रॉटलीचं पॅकेज नसेल तर रिक्वेस्ट्सला ते उलगडता येत नाही. तिथे फक्त जीझिप लिहा.

मजकुरात बदल करायचा नसेल, तर उलगडूच नका: रॉ स्ट्रीम (आले तसेच बाइट) डीकोड न करता पाठवा, कंटेंट-एन्कोडिंगचा हेडर राहू द्या. सीपीयू वाचतो.

तपासायला कर्लचं (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) आउटपुट फाइलमध्ये घेऊन हेक्समध्ये (बाइट सोळाच्या पायातल्या अंकांत) पाहा (कॉम्प्रेस्ड पर्याय न देता, पण ॲक्सेप्ट-एन्कोडिंग जीझिप पाठवून). सुरुवातीचे दोन बाइट 1एफ 8बी असतील तर तो जीझिप. उलगडल्यावर पुन्हा तेच दिसले, तर कुठेतरी दोनदा दाबलं जातंय. बहुधा ॲपमध्येही आणि पुढच्या थरातही.