फाइलसिस्टिमच्या टूल्समधला निरुपयोगी कोड काढताय? या चुका टाळा

रविवारी ऐरोलीला आमच्या घरी तीन-चार मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. ओपन सोर्समधला बहुतेकांचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला पाठवलेला बदल, ठरलेला: वापरात नसलेलं फंक्शन काढायचं. सुरुवातीला काम चांगलं आहे. पण डिस्क दुरुस्त करणाऱ्या टूलमध्ये चूक झाली, तर लोकांचे फोटो आणि हिशोब जातात.

रबाळ्याहून येणाऱ्या एका मुलाने ईटूएफएसप्रॉग्जमधलं (लिनक्सच्या एक्स्ट४ फाइलसिस्टिमची टूल्स), सुपरब्लॉकचे, म्हणजे फाइलसिस्टिमची मुख्य माहिती ठेवणाऱ्या भागाचे, बाइट उलटवणारं फंक्शन काढायला घेतलं होतं. त्याच्या इंटेल लॅपटॉपवर ते बायनरीत येतच नव्हतं. येणार कसं? एक्स्ट४ डिस्कवर लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचा सर्वात कमी किमतीचा बाइट आधी, लिहितं, इंटेलही तसंच. आयबीएमच्या एस३९०एक्स मशीन मात्र याच्या उलट, बिग-एंडियन, तिथे ते लागतंच. म्हणून फंक्शनभोवती इफडेफ, म्हणजे ठरावीक मशीनवरच कोड घेणारी अट, आहे का, ते आधी पाहा. असेल तर आपल्या लॅपटॉपवरच त्या मशीनसाठी कंपाइल (क्रॉस-कंपाइल) करा आणि दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूवर टेस्ट चालवा.

ग्रेपमध्ये (मजकूर शोधणारी कमांड) नाव सापडलं नाही, एवढ्यावर जाऊ नका. काही नावं मॅक्रो दोन तुकडे जोडून बनवतो, तेव्हा अर्धं नावही शोधा.

लायब्ररीचा मामला याहून नाजूक. कंपाइलरची ‘अनयूज्ड फंक्शन’ ही वॉर्निंग फक्त स्टॅटिक फंक्शनसाठी येते. बाकीच्यांबद्दल तो गप्प असतो, कारण त्यांना बाहेरून कोण बोलावतं हे त्याला दिसत नाही. ईटूएफएसप्रॉग्जमधली लिबएक्स्ट२एफएस ही लायब्ररी, डिस्क बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर नेणारं बीटीआरएफएस-कन्व्हर्ट हे टूलही वापरतं. तुमचा बिल्ड हिरवा, आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’ म्हणून बंद पडलेला! हेडरमध्ये जाहीर केलेलं फंक्शन मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) विचारल्याशिवाय काढूच नये.

एक्सएफएस या फाइलसिस्टिमच्या टूल्समधल्या, म्हणजे एक्सएफएसप्रॉग्जमधल्या, लिबएक्सएफएस फोल्डरला थेट हात लावू नका. तो कोड कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) येतो, त्यामुळे तिथे काढलेलं पुढच्या सिंकला परत येतं. बदल आधी कर्नलकडे पाठवा.

माझ्या मते सगळ्यात घातक चूक म्हणजे स्ट्रक्टमधलं ‘रिझर्व्ह्ड’ (पुढच्यासाठी राखून ठेवलेलं) फील्ड काढणं. एक्स्ट४चा सुपरब्लॉक बरोबर १०२४ बाइटचा असतो. मधलं चार बाइटचं फील्ड गेलं, की पुढचं सगळं चार बाइट सरकतं. सुरुवातीचंच फील्ड गेलं असेल, तर फाइलसिस्टिमची ओळख पटवणारा मॅजिक नंबरही सरकतो आणि डिस्क तपासणारं ईटूएफएसचेक धडधाकट डिस्कवरही ‘बॅड मॅजिक नंबर’ ओरडतो. अशा वेळी डिस्कला दोष देऊन दुरुस्ती सुरू करू नका, आधी आपला पॅच बाजूला काढा. खरं तर मेक चेक या कमांडने चालणारी सुपरब्लॉकच्या मापाची टेस्ट हे लगेच पकडते. ती न चालवताच पॅच पाठवला जातो.

आणि कर्नलने सोडलं म्हणजे टूलमध्येही नको, असं नाही. रायझरएफएस ही जुनी फाइलसिस्टिम २०२५च्या ६.१३ आवृत्तीत कर्नलमधून गेली, पण कपाटातल्या जुन्या डिस्कवरचा डेटा काढायला कुणाला तरी तिचं टूल लागणारच.

पॅच आधीच गेला आणि काही मोडलं, तर जुने बदल अर्धे-अर्धे तपासणाऱ्या गिट बायसेक्टने नेमका कमिट (नोंदवलेला बदल) शोधा, मग रिव्हर्ट करा, म्हणजे तो मागे घ्या. एका कमिटमध्ये एकच फंक्शन काढलं असेल तर हे पाच मिनिटांत होतं. पुन्हा काढायला जाण्याआधी गिट लॉगला मोठ्या एसचा (-S) पर्याय आणि फंक्शनचं नाव द्या: ते कोणत्या कमिटमध्ये आलं आणि शेवटचा कॉल कधी गेला, दोन्ही दिसतं. तेच कमिट मेसेजमध्ये लिहा. मेंटेनर पहिला प्रश्न तोच विचारतो.