पर्वती चढताना मन कचरू नये म्हणून

पुण्यातील पर्वतीच्या पायऱ्या चढताना दोघांना सारखीच धाप लागली, तरी ‘हे आपल्याला जमेल’ असा भरवसा असलेल्याला ती चढणीचा भाग वाटते आणि तसा भरवसा नसलेल्याला धोक्याची खूण वाटते. स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा हा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला, आणि अशा विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हणून पहिल्याच दिवशी माथा गाठण्याचा हट्ट धरू नये. आपण खात्रीने कुठपर्यंत जाऊ शकतो ते घरून निघण्यापूर्वीच ठरवावे, तिथे पोहोचल्यावर पायांत जोर शिल्लक असला तरी माघारी वळावे आणि तेवढे अंतर सहज जमू लागल्यावरच पुढचा टप्पा घ्यावा. असे वळणे अनेकांना कमीपणाचे वाटते. पण ठरवलेले पुरे झाल्याची जी नोंद मनात होते, ती अर्ध्यावर धापा टाकत बसण्याने होत नाही. सोबतीला धडाधड वर जाणारा तरुण घेण्यापेक्षा आपल्याच वयाचा, काही महिन्यांपूर्वी आपल्यासारखाच अडखळणारा माणूस घ्यावा, कारण त्याला जमले ते आपल्यालाही जमेल, हे मनाला पटते.

वेगाबाबत मात्र काटेकोर राहावे. चढताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपतच श्रम असावेत. श्रमाच्या याच पातळीवर भरवशाचा भावनेवर चांगला परिणाम होतो. एक वाक्यही सलग बोलता येईनासे झाले, की शरीराकडून येणाऱ्या संवेदना वरचढ ठरतात, बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो आणि मनाची समजूत घालण्याचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी जिद्दीला आवाहन करणाऱ्या सोबत्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे आणि वेग कमी करावा.

कसे वाटते आहे, हे चढता चढताच उणे ५ (फार वाईट) ते अधिक ५ (फार छान) या मोजपट्टीवर स्वतःला विचारावे. थांबल्यानंतर बहुतेकांना बरे वाटू लागते, त्यामुळे वर पोहोचून दिलेले उत्तर फसवे असते. आकडा शून्याखाली घसरला, तर दुसऱ्या दिवशीचा टप्पा लहान करावा.

छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा विश्रांतीनंतरही धाप न ओसरणे, यांना भरवशाची उणीव समजू नये. लगेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.