मुलांना गोष्ट लिहायला शिकवायची असेल तर

आठवी-नववीच्या वर्गात ‘उन्हाळा’ विषय दिला, की वहीत सूर्य आग ओकतो आणि पक्षी सावलीत विसावतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, कूलरमध्ये पाणी भरण्यावरून घराघरांत जुंपते. ते मात्र वहीत येत नाही. गुण कोणत्या वाक्यांना पडतात हे मुलांना पाठ असतं. म्हणून पहिल्याच तासाला जाहीर करा: या लेखनाला गुण नाहीत.

मग विषय लहान करा. ‘उन्हाळा’ नको, ‘आज कूलरमध्ये पाणी कोण भरणार?’ द्या. विषयातच दोन माणसं आणि एक तंटा असला की गोष्ट हलायला लागते.

पुढे संवाद. मधल्या सुट्टीत ‘काय करून राहिला बे?’ विचारणारा मुलगा वहीत ‘तू काय करीत आहेस?’ लिहितो. इथे लाल पेन खाली ठेवा. निवेदन प्रमाण मराठीत चालेल, पण आजी वऱ्हाडीतच बोलू द्या, शेजारच्या काकूंना हिंदी मिसळू द्या. नावं झाकूनही कोण बोलतंय ते ओळखू आलं, तर संवाद जमला.

कुणाच्या नजरेतून सांगायचं, हे शिकवायला मारबतीइतकं सोयीचं काही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या स्त्री-पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत चालू घडामोडींना चिमटे काढणारे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. बऱ्याच मुलांनी हे पाहिलेलं असतं. वर्गाचे तीन गट करा. एकाने बाबांच्या खांद्यावर बसलेलं पोर व्हावं, दुसऱ्याने बंदोबस्तावरचा पोलीस, तिसऱ्याने महाल भागातला दुकानदार. अट एकच: आपल्या पात्राला जे दिसत नाही ते लिहायचं नाही. पोराला मारबतीचं तोंड दिसेल. पोलिसाची पाठ मिरवणुकीकडे, त्याला दिसणार फक्त गर्दी. (दुकानदाराचा गट बहुधा सगळ्यांत गमतीदार लिहितो, त्याला तक्रार करायला भरपूर असतं.)

लिहून झालं की मोठ्याने वाचायला लावा. ऐकणाऱ्यांनी ‘छान आहे’ म्हणायचं नाही. कुठे डोळ्यांपुढे चित्र आलं आणि कुठे लक्ष उडालं, एवढंच सांगायचं.

पुनर्लेखन वेळेअभावी गळतं. त्यापेक्षा वर्षभरात गोष्टी कमी लिहून घ्या, पण प्रत्येक दोनदा. दुसऱ्या खेपेला पहिला परिच्छेद हाताने झाकून वाचायला सांगा. गोष्ट तरीही कळली, तर तो खोडायचा. मुलं कुरकुरतील, खोडायला लावाच.