जुना मॉनिटर, नवा संगणक: कन्व्हर्टर घेताना दिशा बघा

जुन्या मॉनिटरला निळं, १५ पिनांचं व्हीजीए सॉकेट आणि नव्या संगणकाला फक्त चपटं एचडीएमआय सॉकेट. मॉनिटर भंगारात काढायची गरज नाही.

आधी मॉनिटरची मागची बाजू नीट बघा. व्हीजीएशेजारी पांढरं, रुंद डीव्हीआय सॉकेट असेल तर एचडीएमआय-डीव्हीआयची साधी केबल पुरते, चित्रही जास्त स्वच्छ येतं. फक्त व्हीजीए असेल तर:

१. दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर मागा. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला जवळपास तसाच, पण उलट्या दिशेचा. तो इथे चालत नाही. (मी आधी तोच आणला होता.) दोन टोकांना नुसत्या पिना असलेली साधी केबलही घेऊ नका, आत सिग्नल बदलणारी चिप लागते.

२. संगणक बंद करून जोडा. व्हीजीएचे स्क्रू हातानेच आवळा.

३. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटरचं मूळ रिझोल्युशन (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या) निवडा. १९ इंची चौकोनी मॉनिटरला बहुधा १२८० x १०२४. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं) ६० हर्ट्झ.

४. अक्षरं धूसर किंवा चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा.

‘आउट ऑफ रेंज’ असं आलं तर घाबरू नका, मॉनिटर शाबूत आहे, फक्त आलेलं रिझोल्युशन त्याला झेपत नाही. संगणक घरच्या टीव्हीला जोडून रिझोल्युशन कमी करून बघा आणि पुन्हा मॉनिटरला जोडा.

जपायचं एवढंच: व्हीजीएची पिन तिरकी घुसवू नका. वाकली की एखादा रंगच गायब होतो आणि पडदा पिवळा किंवा गुलाबी दिसू लागतो.