ओपनिंग डे येईपर्यंत करायचं काय? बेसबॉलवेड्यांसाठी फेब्रुवारी-मार्चची तयारी

अमेरिकन मेजर लीग बेसबॉलची फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीज, संपते ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि पुढची खरी मॅच थेट मार्चअखेर, सीझनच्या पहिल्या दिवशी, ओपनिंग डेला, म्हणजे पाच महिने नुसत्या ट्रेडच्या बातम्या चघळत बसायचं, त्यात शिकागोत बाहेर बर्फ. फेब्रुवारी लागला की जीव नुसता वरखाली होतो. तर हे शेवटचे सहा-सात आठवडे सत्कारणी कसे लावायचे ते सांगतो. मी शिकागोच्या कब्स टीमवाला, त्यामुळे उदाहरणं कब्सची येतील, तुम्ही तिथे आपापली टीम घाला.

पहिली खूण फेब्रुवारीच्या मध्यात. पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर (तो झेलणारे) सीझनआधीच्या सराव कॅम्पला, म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंगला, हजर होतात, बाकीचे थोडे दिवस मागून. पंधरा टीम ॲरिझोनात, पंधरा फ्लोरिडात, कब्सचा मुक्काम मेसाला. पिचर आधी का, तर खांदा एका दिवसात तयार होत नाही, स्टार्टरला (मॅच सुरू करणाऱ्या पिचरला) आधी एक-दोन इनिंग देतात, मग तीन, मग चार, असं करत एप्रिलपर्यंत आणतात. हे एकदा डोक्यात बसलं की स्प्रिंगच्या मॅचेस कशा बघायच्या ते आपोआप कळतं. स्कोअर बघूच नका. अर्धी मॅच झाली की नेहमीचे लोक आंघोळीला गेलेले असतात आणि मैदानात ऐंशी-नव्वद नंबरची जर्सी घातलेली पोरं. एखादा पिचर नवीन पिच (बॉल टाकायची नवी पद्धत) घोटत असतो, मार खातो आणि तरी परत तीच टाकतो, त्याला काही पडलेली नसते, मग आपण कशाला बीपी वाढवायचं. केळवण आहे ते, पोटभर जेवायचं, त्यावरून संसार कसा होईल ते ठरवायचं नाही.

बघायचं असेल तर हे बघा: पिचरचा वेग. मागच्या वर्षी ९६ मैलाने टाकणारा मार्चच्या शेवटी पण ९२ वरच अडकला असेल तर कुठेतरी काहीतरी दुखतंय. पाचवा स्टार्टर कोण होतोय, क्लोजर (मॅच संपवायला आणतात तो पिचर) कोण, आणि टीमच्या २६ जणांत शेवटच्या दोन जागा कोणाला. इथे एक गोम आहे, ज्याचे मायनर लीगचे ऑप्शन (खालच्या लीगमध्ये मोकळेपणी पाठवायची मुभा) संपलेत त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हरवर, म्हणजे बाकीच्या टीमसमोर, टाकावं लागतं आणि दुसरी टीम त्याला उचलू शकते, म्हणून कधी कधी चारशेच्या (.४००) बॅटिंग ॲव्हरेजने मारणारा पोरगा खाली जातो आणि दीडशेवाला टीममध्ये राहतो, मग लोक कोचला शिव्या घालतात. नवीन नियम पण याच काळात अंगवळणी पाडून घ्या. २०२६ पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला चॅलेंज आलंय, प्रत्येक टीमला दोन, बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच लगेच डोक्यावर टॅप करायचं, डगआउटकडे बघायची सोय नाही.

मॅच बघताना प्रत्येक खेळी लिहून ठेवायचं स्कोअरकार्ड भरायला शिकायचं असेल तर हीच वेळ, कारण चुकलं तरी कोणाचं काही जात नाही. प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. समजा फर्स्टवर रनर आहे आणि शॉर्टस्टॉपने ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) उचलून सेकंडवाल्याला दिला, त्याने बेसवर पाय ठेवून फर्स्टला फेकला, तर लिहायचं ६-४-३, दोन आउट, खेळ खलास. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) इंग्रजी के, आणि बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक खाल्ला असेल तर के उलटा काढायचा, तो काढताना जाम मजा येते. पेन्सिलच वापरा. आणि हात चालू ठेवा, २०२३ पासून पिच क्लॉक (बॉल टाकायला वेळेची मर्यादा) आहे, बेस रिकामे असले तर पिचरला पंधराच सेकंद, आधी मॅच तीन तासांच्या वर जायची, आता दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आटपते.

टीव्हीचं आधीच निस्तरा. लीगच्या ॲपवर आपल्याच गावच्या टीमची मॅच ब्लॅकआउट होते, म्हणजे दिसतच नाही, हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळतं. रेडिओला ती भानगड नाही आणि भांडी घासताना रेडिओच बरा. भारतात बसून बघणाऱ्यांसाठी गणित असं, शिकागोची दुपारी १:२० ची मॅच म्हणजे तिकडे रात्री ११:५०, न्यूयॉर्कची संध्याकाळी ७:०५ ची पहाटे ४:३५ ला, आणि लॉस एंजेलिसची ७:१० ची सकाळी ७:४० ला. त्यामुळे पुण्या-मुंबईतून फॉलो करायचं तर सरळ वेस्ट कोस्टची टीम धरा, चहाबरोबर लॉस एंजेलिस डॉजर्सचा ओहतानी.

प्रत्यक्ष जायचं तर ओपनिंग डेचं तिकीट महागच असणार, तेच एप्रिलातल्या मंगळवार-बुधवारचं बऱ्यापैकी स्वस्त मिळतं. कब्सच्या रिग्ली फील्ड मैदानावर तेव्हा भिंतीवरची आयव्ही (वेल) नुसती तपकिरी काड्यांची जाळी असते, फोटोतली हिरवीगार भिंत मे महिन्यातली, आणि लेक मिशिगनवरून वारा आत आला की बॅटला लागलेला जोरदार बॉल सुद्धा हवेत मरतो आणि लेफ्ट फील्डरच्या हातात अलगद पडतो. वरच्या डेकखालची सीट घेऊ नका, ऊन अजिबात येत नाही. थर्मल, हातमोजे, कानटोपी, लाज वाटून घ्यायची नाही. गाडी घरी ठेवा, रेड लाइनची ट्रेन पकडा, ॲडिसन स्टेशनला उतरलं की समोरच.

आणि पहिल्या दिवसावरून उड्या मारू नका. ४ एप्रिल १९९४ ला कब्सच्या टफी रोड्सने ओपनिंग डेला सलग तीन होमरन मारले, सगळं रिग्ली डोक्यावर, तरी मॅच न्यूयॉर्क मेट्सने १२-८ ने घेतली आणि त्या सीझनमध्ये पठ्ठ्याचे एकूण होमरन झाले आठ. पुढे तो जपानला गेला आणि तिथे २००१ मध्ये ५५ होमरन मारून सादाहारू ओहच्या तिथल्या एका सीझनच्या रेकॉर्डशी बरोबरी केली, ते वेगळं. उलट बाजूने २०१९ चे वॉशिंग्टन नॅशनल्स बघा, पहिल्या ५० मॅचमध्ये १९ विजय, ३१ पराभव, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज त्यांचीच. सीझनच्या १६२ मॅचेस आहेत हो.

रजेचं राहिलंच. होम ओपनरनंतरचा (आपल्या मैदानावरच्या पहिल्या मॅचनंतरचा) दिवस बहुतेक वेळा मोकळा ठेवलेला असतो, पावसाने मॅच वाहून गेली तर दुसऱ्या दिवशी घेता यावी म्हणून. ऑफिसात रजा टाकताना दोन्ही दिवस टाका.