‘द विलोज’ रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

इंग्रज लेखक अल्जर्नन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ (१९०७) ही कथा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून बघायचा मोह भयकथा आवडणाऱ्या कुणालाही होईल. हक्कांची अडचण नाही. लेखक १९५१ मध्ये वारले, आपल्याकडची साठ वर्षांची मुदत केव्हाच सरली. फक्त दुसऱ्या कुणाचा अनुवाद उचलू नका, त्याचे हक्क वेगळे असतात. स्वतः अनुवाद करणार असाल तर शीर्षकातल्या विलोला ‘वेत’ म्हणू नका. आपल्या नदीकाठचा वाळुंज त्याच कुळातला आहे. या कथेतली विलो मात्र झाडं नाहीत, झुडपं आहेत.

गोष्ट दोन मित्रांची. डॅन्यूबमधून होडीने जाताना प्रेसबर्ग, म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा, मागे टाकून ते एका वाळूच्या बेटावर तंबू ठोकतात. तिथे जे आहे ते काय, हे कथा शेवटपर्यंत धड सांगत नाही.

पहिली चूक म्हणजे पहिल्या वाक्यापासून घसा खोल करून वाचणं. सुरुवातीची बरीच पानं नदीच्या खोड्यांची आहेत, लेखक तिच्यावर चक्क लुब्ध आहे. तिथेच भुताचा सूर लावलात तर पुढे दोन तास चढायला जागा कुठे उरते?

खरी गोची होते ती त्या घुमणाऱ्या आवाजापाशी. दुसऱ्या दिवशी वारा पडतो आणि दूर कुठेतरी मोठी थाळी वाजावी तसा नाद ऐकू येतो. सोबतचा स्वीडिश मित्र सांगतो, मी हा दिवसभर ऐकतोय. कधी डोक्यावर, कधी पाण्याखाली, कधी वाटतं माझ्या आतच. हौशी संकलक हा नाद डाव्या कानातून उजव्या कानात फिरवतात. आवाजाला पत्ता मिळाला की भीती संपली! मोनोच ठेवा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. हेडफोनवर मोनो आवाज डोक्याच्या मधोमध वाजतो, आपल्याला नेमकं तेच हवंय. नुसता खर्ज ठेवलात तर फोनच्या स्पीकरवर काहीच ऐकू येणार नाही, म्हणून वरचे स्वरही थोडे राहू द्या.

नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची खरखर पुसणारी सोय, शेवटी लावू नका. एकसुरी गुणगुण म्हणजे त्याच्या लेखी कचराच. मी एकदा तयार फाइलवर ते फिरवलं आणि बेटावरचा तो नादच पुसून बसलो. आधी फक्त वाचनाचा ट्रॅक साफ करा, नाद नंतर मिसळा.

उलट चूकही होते. चार्जर लावलेल्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलं की विजेची ५० हर्ट्झची घरघर पहिल्या मिनिटापासून शिरू शकते. मग श्रोत्याने तासभर गुणगुण ऐकलेलीच असते, ऐन क्षणी त्याला काय वाटणार? चार्जर काढा, पंखा बंद करा.

आवाजाच्या पातळीसाठी एसीएक्स या ऑडिओबुकच्या मंचाचे आकडे सोयीचे आहेत: सरासरी −२३ ते −१८ डेसिबल, शिखर −३ च्या आत, शांतता −६० च्या खाली. पण नॉइज गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या सोयीने, दोन वाक्यांमधलं सगळं कापू नका, खोलीची हवा राहू द्या.

आणि त्या स्वीडिश माणसाला परदेशी हेल देऊ नका. निवेदकाच्या मते त्याला कल्पनाशक्तीच नाही, आणि सगळ्यात भयंकर गोष्टी तोच बोलतो. त्याची वाक्यं वाण्याची यादी वाचावी तशी वाचा.